क्षमता : दोन माणसं

बसा, बसा. चहा ठेवलाय, तो उकळेपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. काय आहे, ही गोष्ट मी सांगितली नाही तर आमची कुसुम सांगते. आणि ती सांगते तेव्हा मी आहे त्यापेक्षा जास्त येडा दिसतो. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं!

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. जिकडे बघावं तिकडे खड्डे, विटांचे ढीग आणि लाल धूळ. मी कॅम्प-१ मध्ये दोन खोल्यांत राहायचो आणि कारखान्यात क्रेन चालवायचो. छताखाली रुळांवरून धावते ना, ती मोठी क्रेन. आपण वर केबिनमध्ये बसायचं, आणि खाली एक माणूस उभा राहून हातानं इशारे करणार. हात वर केला, उचल. हात डावीकडे केला, डावीकडे घे. तोंडानं कोणी बोलायचंच नाही, कारण त्या आवाजात ऐकू येणार काय, कपाळ? नजर त्या हातावर ठेवायची आणि हात सांगेल ते करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही. हे काम मला फार छान जमायचं.

आता आमचे सासरे. आम्ही मामाजी म्हणतो. दुर्गला राहायचे, मालगाडीवर गार्ड होते. माणूस कसा वर्णू तुम्हाला? घरातसुद्धा लाल आणि हिरवी झेंडी बगलेत! पाहुणे निघाले की मामाजी दारात उभे राहून हिरवी झेंडी दाखवणार, तोवर पाहुण्यानं उंबरठा ओलांडायचा नाही. माझ्या लग्नाची वरातसुद्धा त्यांच्या झेंडीवर सुटली होती. बँडवाल्यांनी घाबरून अर्धा तास वाजवलंच नाही.

या मामाजींनी स्कूटर घेतली होती. आकाशी रंगाची. त्या काळी स्कूटर म्हणजे नंबर लावा आणि वर्षानुवर्षं वाट पाहा! मामाजी ती चालवायचे कमी आणि पुसायचे जास्त. कुसुम तेव्हा महिनाभर माहेरी गेलेली, आणि मला जामुलला मावसभावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं. मनात आलं, स्कूटरवर गेलो तर नवरदेव कोण तेच लोकांना कळणार नाही!

"मामाजी, एक दिवस गाडी द्या ना."

"चालवता येते का जवाईबापू?"

"काय बोलता मामाजी! पन्नास टनाची क्रेन चालवतो मी. हे तर खेळणं हाय!"

यात खोटं काहीच नव्हतं बरं का. क्रेन मी चालवतच होतो.

मामाजींनी हिरवी झेंडी दाखवली आणि मी सुटलो.

जाताना सगळं ठीक झालं. येताना खुर्सीपारजवळ रस्त्याच्या कडेला एक म्हातारा गाय हाकलत होता. आता गाय हाकलताना माणूस काय करतो? हात हलवतो. त्यानं हात डावीकडे केला. मी स्कूटर डावीकडे घेतली. त्यानं आणखी जोरात हात केला. मी आणखी डावीकडे घेतली. मनात म्हटलं, वा, काय स्पष्ट इशारे देतो हा माणूस! समोर विटांचा ढीग मला दिसत होता हो. पण म्हटलं, इशारा देणाऱ्यानं पाहिला असेलच ना?

त्यानं कुठला पाहायला! तो गायीकडे बघत होता.

समोरचा पत्रा चेपला, दिवा फुटला, पाय ठेवायची पाटी वाकली, आणि बाजूचा फुगीर पत्रा पार पोटात गेला. मला काय झालं म्हणाल, तर नाकाला जरा खरचटलं. गाय होती तिथेच उभी.

स्कूटर बैलगाडीत घालून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी बसनं दुर्गला जाऊन सगळं कबूल केलं. मामाजी ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"गाडीचा बिमा हाय," ते म्हणाले. "मी लिहितो बिमावाल्याईले. साहेब तुमच्या घरी येऊन पाहून जाईन."

"बरं मामाजी. अन् कुसुमले कधी नेऊ?"

मामाजींनी झेंड्या एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतल्या.

"लाईनवर एक गाडी मोडून पडली असन, तर दुसरी सोडते का कोणी? स्कूटर धड झाली का सांगा. कुसुमले मी सोता आणून देतो."

झालं! आता माझं सगळं त्या स्कूटरवर येऊन अडकलं. खरं सांगतो, घर खायला उठायचं. मी केलेलं पिठलं तर मांजरसुद्धा वास घेऊन निघून जायची. कुसुमशी भांडायची इतकी सवय झाली होती की एकदा दुपारी मी खुंटीवरच्या तिच्या छत्रीशीच वाद घातला, आणि हरलो.

आठवड्यानं विमा कचेरीचं पत्र आलं. "आमचे सर्वेअर गुरुवारी येतील. वाहन तपासणीसाठी तयार ठेवावे."

तयार ठेवावे! आता हे वाचून तुम्ही काय कराल? काहीच नाही करणार, स्कूटर होती तशी ठेवाल. पण तुम्ही त्या दिवसांत भिलाईत नव्हता ना! आमच्याकडे इन्स्पेक्शन म्हटलं की रंग. रशियन साहेब येवो, दिल्लीचे पाहुणे येवोत, आदल्या दिवशी सगळी फौज कामाला. दगडांना चुना, खांबांना रंग, वाकलेलं सरळ करा, सांडलेलं पुसा. एखादा माणूस फार वेळ एका जागी उभा राहिला तर त्यालाही चुना लागायचा! साहेबाला मोडकं काही दिसता कामा नये, हे आमच्या हाडात मुरलेलं.

माझा शेजारी नत्थू वेल्डर. त्यानं पत्र ऐकलं आणि स्कूटरकडे पाहून कपाळावर हात मारला.

"काबे परभाकर, साहेब पाहाले येऊन राहिला अन् गाडी अशी? इज्जत जाईन ना बे कॅम्पाची!"

पत्रा ठोकून सरळ करण्यात उस्ताद होता बिसाहू, इथलाच छत्तीसगढी गडी. त्यालाही बोलावलं. दोन दिवस आम्ही तिघं ड्यूटी संपली की त्या स्कूटरला भिडलो. नत्थूनं पाटी नवी जोडली, दिवा नवा बसवला, बिसाहूनं पत्रा असा काढला की त्यात भांग पाडून घ्यावा. फुटका दिवा, जुनी पाटी भंगारवाला घेऊन गेला. रंग मी स्वतः कॅम्पच्या बाजारातून आणला. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भैया, पत्रा सडेल, पण हा रंग जाणार नाही." मी क्रेनवाला, मला क्रेनचाच रंग सुचणार. पिवळा, आणि त्यावर काळे पट्टे!

आणि प्रत्येक क्रेनवर तिची क्षमता लिहिलेली असते, म्हणून बाजूच्या पत्र्यावर मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं : "क्षमता : दोन माणसं." दोन म्हणजे मी आणि कुसुम. लिहून झाल्यावर दोन पावलं मागे जाऊन मी ते तीनदा वाचलं हो. हसता काय?

गुरुवारी सकाळी दुर्गच्या बसच्या कंडक्टरकडे मामाजींसाठी निरोप दिला. "गाडी नवीसारखी झाली. कुसुमले घेऊन या."

दहाच्या सुमाराला सर्वेअर आले. देशकर साहेब, नागपूरचे. बगलेत बॅग, कानामागे पेन्सिल. अंगणात मधोमध स्कूटर उभी, गळ्यात झेंडूचा हार, बाजूला नत्थू आणि बिसाहू. साहेबांनी तिच्याभोवती तीन चकरा मारल्या.

"अपघात झालेली गाडी कुठे आहे?"

"हेच ना जी साहेब!"

"ही? हिला काय झालंय?"

"काहीच नाही साहेब!" मी छाती फुगवून म्हणालो. "हात फिरवून पाहा ना. एक खड्डा सापडला तर नाव बदलून टाकीन!"

साहेबांनी खरंच हात फिरवला. मग कागद काढून लिहिलं, "नुकसान : नाही."

"पण साहेब, होतं ना नुकसान! लय होतं!"

"मग गेलं कुठे?"

"दुरुस्त केलं."

"का?"

"तुमी येणार होते म्हणून!"

साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला आमचे शाळेतले गणिताचे मास्तर आठवले.

"गृहस्था, मी मोडलेलंच पाहायला येतो."

कोणी घणानं डोक्यात मारावं तसं झालं मला! साहेब पुढे म्हणाले, "इथे तर अपघाताची खूणच नाही. खोटा दावा म्हणून लिहावं लागेल. मालकाच्या नावावर."

मालकाच्या नावावर! ज्या माणसानं उभ्या नोकरीत एक गाडी चुकीची सोडली नाही, त्याच्या नावावर खोटा दावा? मग कुसुम कसली येते!

"साक्षीदार हायेत साहेब!" मी ओरडलो. "बिसाहू! साहेबाले सांग, अपघात झाला होता का नाही?"

बिसाहूनं पाहिलं : साहेब, बॅग, पेन्सिल, आणि 'अपघात' हा शब्द. कारखान्यात अशा वेळी काय बोलायचं हे त्याला झोपेतही पाठ होतं. हात जोडून म्हणाला, "कुछु नइ होय हे साहेब! सब बने हे!" म्हणजे काही झालेलं नाही, सगळं छान आहे!

मी नत्थूला डोळा मारला, की बाबा तू तरी खरं सांग. त्याला वाटलं मी सांभाळून बोल म्हणतोय.

"अपघात? आमच्या इकडे होतच नाही साहेब. अन् परभाकर तर लय सांभाळून चालवते!"

"नाक पाहा साहेब! इथं खरचटलं होतं!"

"नाकाचा विमा नाही," साहेब म्हणाले आणि बॅग बंद करू लागले.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. गाडी धड झाली होती, मामाजींची अट पुरी झाली होती, कुसुम निघालेली होती. पाया पडून साहेबांना म्हटलं असतं, दावा मागे घेतो, चहा घ्या, तर सगळं मिटत होतं. पण डोकं चालवायची मला सवय नाही, हे मघाशीच सांगितलंय.

बिसाहूचा हातोडा तिथेच पडला होता. मी उचलला.

"साहेब, इथं समोर एवढा खड्डा होता!"

"एवढा म्हणजे केवढा?"

"थांबा, दाखवतो!"

धाड!

"अन् दिवा असा फुटला होता!" खळ्ळ! "अन् हा बाजूचा पत्रा, साहेब, असा, असा पोटात गेला होता!" धाड! धाड! साहेब बॅग छातीशी धरून मागे सरकत होते. मला वाटलं, पटतंय त्यांना. म्हणून आणखी एक घातला.

"जवाईबापू!"

वळून पाहिलं. फाटकात मामाजी, आणि त्यांच्यामागे कुसुम, हातात लोणच्याची बरणी. माझ्या हातात हातोडा. झेंडूचा हार जमिनीवर.

मामाजींनी बगलेतून लाल झेंडी काढली, सावकाश उलगडली आणि माझ्यासमोर धरली.

"मामाजी, मी साहेबाले अपघात दाखवून राहिलो होतो!"

देशकर साहेबांना आता मालक कोण ते कळलं. ते मामाजींना म्हणाले, "नुकसान आता आहे, पण ते माझ्यासमोर झालंय, त्यामुळे काही देता येणार नाही. खोटा दावा मात्र मी लिहीत नाही, तुमचे जावई पाहून खात्री पटली. विमा अपघाताचा असतो. जावई त्यात येत नाही."

"कावून नाही येत जी?" मामाजी म्हणाले. "माया घरी तर तोच सर्वात मोठा अपघात हाय!"

कुसुमनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते, तर खांदे हलत होते! बरणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "लोणचं तरी ठेवा. अन् हे फोडून दाखवू नका कोणाले."

मामाजी चेपलेल्या पत्र्यापाशी वाकले. बोटानं अक्षरं चाचपली.

"रंग कोणता हाय हा?"

"एकदम पक्का मामाजी! ऊन, पाऊस, काहीच होत नाही त्याले!"

"उरला हाय का?"

"हाव, काळा हाय ना अर्धा डबा!"

"द्या इकडे. पत्रा ठोकून गाडी दुर्गला पाठवा. बैलगाडीत. बाकीचं मी पाहातो."

मी आनंदानं डबा दिला, वर माझा ब्रशही दिला. म्हटलं, रंगाला हात लावतायत म्हणजे राग उतरला. कुसुम मात्र आल्या पावली परत गेली. बसमध्ये चढतानाही तिचे खांदे हलतच होते.

बिसाहूनं आणि नत्थूनं पुन्हा सगळं सरळ केलं, स्कूटर बैलगाडीतून दुर्गला गेली, आणि आठ दिवसांनी मामाजींचा निरोप आला : कुसुमला घेऊन जा. मी इस्त्रीचा सदरा घालून पोचलो. अंगणात स्कूटर उभी होती, पुसून लख्ख. "क्षमता : दोन माणसं" हे माझंच अक्षर, तसंच्या तसं. आणि त्याच्याखाली मामाजींच्या गोल, टपोऱ्या हस्ताक्षरात, काळ्याभोर रंगात आणखी दोन शब्द :

"जवाई सोडून."

मामाजींनी दारात उभं राहून हिरवी झेंडी दाखवली. कुसुम आणि मी बसनं परत आलो.

ती स्कूटर पुढे कितीतरी वर्षं अख्ख्या दुर्गात फिरली. सीट गेली, दिवा दोनदा बदलला, शेवटी शेवटी तर पत्राही सडला. पण दुकानदार खरं बोलला होता हो. रंग काही गेला नाही!