आई अर्थिंगला पाणी घालायची

श्रीगोंद्याकडच्या आमच्या मळ्यात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत मी लांबच्या माणसांशी बोलायला हौशी ‘हॅम’ रेडिओचं स्टेशन मांडलं, तेव्हा आईची एकच अट होती: "ह्या डब्याला हात लागला तर झटका बसता कामा न्हाई." माझ्याकडं रीतसर लायसन होतं, पण तिच्यापुढं लायसनला कोण विचारतो! मग मी बॅटरीच्या दोन्ही वायरींना फ्यूज घातले, जाड केबल आणली, बॅटरी खिडकीशी मोकळ्या हवेत ठेवली. अर्थिंगसाठी खिडकीबाहेर खड्डा खणून कोळसा-मिठात तांब्याचा रॉड पुरला आणि रेडिओच्या डब्याचा पत्रा त्याला जोडला. "आता लाव बिनधास्त हात," म्हटलं.

तिनं लावला. तेव्हापासून रोज दिवस कलताना ती अनवाणी जाऊन त्या खड्ड्यात कळशीभर पाणी ओतायची. अर्थिंग ओलं हवं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग ती खोलीत येऊन बसायची. लिंबापासून विहिरीपर्यंत ताणलेल्या एरियलच्या तारेवर कुठकुठले आवाज उतरायचे, विरायचे, परत वर यायचे. बाहेरची उसाची सळसळ कुठली नि रेडिओची खरखर कुठली, कळेनासं व्हायचं. आई डोळे मिटून म्हणायची, "लई लांबची माणसं हायेत, पन शेजारच्या बांधावर बोलत्यात जनू." ती संध्याकाळ संपूच नये असं मला वाटे.

एकदा वाऱ्यानं आमच्या लाईनचा न्यूट्रल – करंट माघारी नेणारी तार – तुटला. थोरला दादा वैरणीच्या कुट्टी मशीनपाशी खटपट करत होता. मी हेडफोन लावून बसलो होतो. कुणी म्हातारा त्याच्या गावच्या समुद्राबद्दल संथपणे सांगत होता. एकाएकी मशीन सुरू झालं अन् म्हातारा जाड घरघरीत बुडाला. न्यूट्रल नाही, मग मशीन चाललं कशावर? तेवढ्यात रेडिओच्या पत्र्याला बोट लागलं आणि खांद्यापर्यंत हात बधिर झाला.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं न्यूट्रल गेला की लोक सरळ अर्थिंगवर काम भागवतात. दादानं मशीनची वायर माझ्याच रॉडला जोडली होती. मशीनचा सगळा करंट त्या खड्ड्यात उतरत होता, आणि खिडकीबाहेर आई कळशी घेऊन तिकडंच निघाली होती.

"आई, थांब! हलू नको जागची!" ओरडतच मी गोठ्यात धावलो आणि मेन स्विच पाडला.

"काय आभाळ कोसळलं का?" दादा वैतागला. "समदेच करत्यात असं."

"अरे, तिथं आई उभी राहते! अनवाणी! काही कळतं का तुला?" थोरल्या भावावर मी जन्मात एवढा डाफरलो नव्हतो.

दादानं वायर सोडवून बाजूला टाकली. मग आईपाशी जाऊन खाली बसला, डोक्याचा टॉवेल सोडला आणि तिचे पाय पुसायला लागला.

"अरं, काय करतोयस? काय झालंय मला?"

"काय न्हाई," दादा खाली मान घालून म्हणाला. "चिखल हाय."

तिचे पाय कोरडे होते.