‘ठेवते’ म्हटल्याशिवाय

“तेवढं एक ‘ठेवते’ काढलं ना, की तुमच्या स्क्रीनवर लाल पट्टी येणारच नाही.”

सर काचेच्या केबिनमध्ये एका रुग्णालयाशी फोनवर बोलत होते आणि दार अर्धवट उघडं होतं. मंगलताईंना जाऊन आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी कुरिअरचा खोका ठेवला होता. तो उचलून खाली ठेवावा, एवढंही मला सुचत नव्हतं. आणि तिकडं सर मंगलताईंनी लिहिलेला शब्द पुसायचं कबूल करत होते.

तो शब्द काय, हे सांगायचं तर आमचं काम सांगावं लागेल. सिडकोत झेरॉक्सच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. शहरातल्या आणि आजूबाजूच्या रक्तपेढ्यांमध्ये कोणत्या गटाचं किती रक्त शिल्लक आहे, ते मागवून एकत्र यादी करायची आणि रुग्णालयांना पुरवायची, ही सेवा आम्ही चालवतो. रुग्णालयाच्या संगणकानं विचारलं की आमच्याकडून उत्तर जातं. फार वेळ लागला तर मधला सर्व्हर वाट पाहणं सोडून जोडणी तोडतो. त्याला टाइमआउट म्हणतात. काहीच आलं नाही, तर तसं निदान कळतं तरी. वाईट असतं ते अर्धं उत्तर. वर ‘सगळं ठीक’ असा शेरा असतो, खाली यादी असते आणि ती मध्येच कुठंतरी तुटलेली असते. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्याच पेढ्या, एवढंच रक्त. हवा असलेला गट नेमका तुटलेल्या भागात असला, तर नातेवाइकांना सांगितलं जातं, इथं नाही, जालन्याला बघा.

मंगलताई फुलंब्रीहून रोज एसटीनं यायच्या. माहेर मेंढपाळाचं. “घरी मेंढरं, इथं डेटा, दोन्ही मोजूनच आत घ्यायचं,” असं म्हणून स्वतःच हसायच्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा कुणाशी बोलत नसे. शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत वाक्य मनात एका भाषेत जुळतं आणि तोंडाशी येईपर्यंत अडकतं. लोक चांगुलपणानं ते पूर्ण करतात, बहुतेक वेळा चुकीचं, आणि मी मान हलवते. मीटिंगमध्ये सर असं माझं वाक्य उचलायला लागले, की मंगलताई हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायच्या आणि म्हणायच्या, “थांबा सर. तिचं संपलं नाय अजून.” मग सगळे माझ्याकडं बघत बसायचे. मला अगदी मेल्यासारखं व्हायचं, त्यांचा रागही यायचा. दुपारी डबा उघडताना मात्र, “काय गं कॉन्व्हेंट, मराठी डाउनलोड झाली का?” असं चिडवत त्या अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायच्या.

यंत्राला मात्र त्या अशी सवलत देत नसत. टाइमआउट आला की पहिला उपाय म्हणून सगळे वाट पाहायची मुदत वाढवतात. त्यांना ते खपायचं नाही. “नुसती वाट बघून काय व्हतंय? कुठं अडकलंय ते बघ.” मग त्या प्रत्येक पेढीला वेगळं विचारायला लावायच्या. कोण लगेच बोलतं, कोण रेंगाळतं, कोण बोलता बोलता गप्प होतं…

‘ठेवते’ आलं ते त्यांच्या घरातून. त्यांचे वडील मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर असायचे. माळरानावर फोनला रेंज नसायची, बोलणं कधीही तुटायचं. म्हणून घरात नियमच होता. ‘ठेवतो’ म्हटल्याशिवाय फोन संपला असं धरायचं नाही, पुन्हा लावत राहायचं. मला सांगताना त्या म्हणाल्या होत्या, “ठेवतो म्हटलं नाय, म्हंजी बाबा तिकडं अजून बोलतायत. आपल्याला ऐकू येत नाय, एवढंच.” आमच्या यादीच्या अगदी तळाशी त्यांनी हीच खूण घातली. उत्तराच्या शेवटी ‘ठेवते’ आलं तर यादी पूर्ण, नाही आलं तर लाल पट्टी, ‘यादी अपूर्ण आहे, पेढीला फोन करा’. सर म्हणाले होते, एखादा बरा इंग्रजी शब्द टाका. त्यांनी ऐकलं नाही.

मंगलताईंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. विचारलं की ‘बरंय’ म्हणायच्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, दवाखान्यातून त्यांचा फोन आला. त्या दिवसांत रोज दुपारी आमची उत्तरं तुटत होती. कारण सापडलं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांचा आवाज खोल गेलेला होता. “एक पेढी लई हळू हाय, पण कारण ते नाय. तू असं कर, तिथं आधी…”

आणि फोन तुटला.

मी पुन्हा लावला. लावत राहिले. संपर्क क्षेत्राच्या बाहेर… दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. सर केबिनमधून बाहेर आले आणि चष्मा पुसत म्हणाले, मंगल गेली.

त्यानंतर मी जे शोधलं त्याला काम म्हणता येणार नाही. तिथं म्हणजे कुठं? आधी काय? प्रत्येक पेढीला वेगळं विचारलं, प्रत्येक टप्प्यावर वेळ मोजली, त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा वाचली. उत्तर कुठं तुटतं ते सापडलं. का तुटतं ते नाही. जेवताना, रिक्षात, आंघोळ करताना मी ते वाक्य पुरं करून बघत होते आणि आयुष्यभर लोकांनी माझ्या वाक्यांचं केलं तसंच ते दर वेळी चुकीचं वाटत होतं. त्यांचा नंबर बंद आहे हे माहीत असून लावत होते. त्यांच्या घरचा नियम धरला, तर त्या अजून बोलतायत…

आज हे लिहिताना समोरच्या स्क्रीनवर उत्तरं येताहेत. बहुतेकांच्या तळाशी त्यांचा शब्द आहे. ‘ठेवते’, ‘ठेवते’, दिवसभर. अख्ख्या शहराला त्या ते म्हणतात, मला तेवढं म्हणाल्या नाहीत. दुपारी अजूनही काही उत्तरं तुटतात आणि लाल पट्टी येते. ती राहिली, ती त्या गेल्या त्याच आठवड्यातल्या मीटिंगमुळं.

सरांनी विचारलं, “ते ‘ठेवते’ आज काढतोय. कुणाला काही म्हणायचंय?” मंगलताईंची खुर्ची मधोमध होती, खोका अजून तिच्यावरच. मी म्हटलं, “सर, ती पट्टी चूक नाहीये. ती… खरं…” आणि अडकले. सर मायेनंच म्हणाले, “म्हणजे आधी टाइमआउट वाढवू, मग पट्टी काढू, असंच ना? चालेल.” सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलायला लागली होती. हातातलं पेन मी टेबलावर आडवं ठेवलं.

“नाही सर,” मी म्हणाले. “थांबा. माझं संपलं नाही अजून.”