वरची कड

माझ्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, त्या तरुण डॉक्टरने डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा मोठा कॅमेरा आणला आणि माझा जळफळाट सुरू झाला. डोळ्याच्या आतला पडदा कडेला विरला, फाटला, तर नजर जाऊ शकते. ती कड तपासायला मी जळगावात इतकी वर्षं एकच पद्धत वापरत आले. पेशंटला आडवं करायचं, डोक्याला दिवा बांधायचा आणि शिंप्याच्या अंगुस्तान्यासारखी, बोटात घालायची धातूची दाबणी पापणीवरून दाबत कड नजरेसमोर आणायची. पेशंट कण्हायचे, शिव्याही द्यायचे. पण कड दिसायची, आणि ती बघणारी गावात मी एकटी होते.

त्याच्याकडे नुसती हनुवटी टेकायची, की फोटो मोबाइलवर. त्याच्या पायरीवरच्या चपला मी खिडकीतून बघत बसायचे. चोपड्याचे एक आबा, माझे जुने पेशंट, तो फोटो खास मला दाखवायला आले.

"बाई, तठे डोयाले हात बी लावतस नही. बठ्ठं दिसस!"

हात न लावता सगळं दिसतं म्हणे! मी हसले. पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. यंत्र काय, कोणीही विकत घेईल. हात कुठून आणेल? अशी मी स्वतःची समजूत घालायचे.

मग एका सकाळी माझ्याच उजव्या डोळ्यात वीज चमकल्यासारखं होऊ लागलं, काळे ठिपके तरंगू लागले. पडदा फाटल्याची ही लक्षणं मीच लोकांना सांगत असते. स्वतःचा पडदा स्वतःला तपासता येत नाही. नाक मुठीत धरून रस्ता ओलांडला.

त्याने फोटो काढला. पडदा स्वच्छ. सुटले, असं मला वाटलं. तो मात्र फोटोकडे बघत राहिला.

"मॅडम, वरची कड पापणीआड गेलीय, फोटोत आलीच नाही. हाताने बघू?"

मी वापरते तेच थेंब घालून, मला आडवं करून त्याने दाबणी घेतली. मी आधीच दात आवळून पडले होते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सापडली. अगदी वर, छोटीशी चीर आहे. आजच लेझर करू, नजर वाचेल."

मला रडू फुटलं. तो घाबरला. "दुखलं का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. जरासुद्धा दुखलं नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.