ब्लूमाच्या तोंडातला रुमाल

ब्लूमा झेटलिनला हसू आवरायचं नाही, आणि आमच्या बोलपटाच्या स्टुडिओत आवाज करायला सक्त मनाई. कधी ना कधी भडका उडणारच होता.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरियात आम्ही दोघी कपडेपटात शिवणकाम करायचो. मी कार्मेला, जिभेने तिखट. ब्लूमा विधवा, पदरात दोन मुली, दिवसभर खारवलेला मासा आणि काळा पाव यांवर राहून सुईला चिकटलेली. रविवारी मात्र ती नाटकगृहात सगळ्यांत वरच्या, स्वस्तातल्या बाकावर बसून लॅपिन आणि डफ या विनोदी जोडीला बघायची. वर्षानुवर्षं.

१९३० साली तीच जोडी बोलपट करायला आमच्याकडे आली आणि तोंडघशी पडली. लोकांचं हसणं ओसरलं की पुढचं वाक्य टाकायचं, ही त्यांची जन्माची सवय. इथे हसतंय कोण? कॅमेरासुद्धा घरघरतो म्हणून काचेच्या खोलीत कोंडलेला. त्या शांततेला घाबरून दोघे वाक्यावर वाक्य रेटायचे. मला त्यांची कीव यायची.

एके दिवशी डफच्या कोटाची बाही सेटवरच उसवली. ती शिवून ब्लूमा तिथेच थांबली. दृश्य सुरू झालं. लॅपिनने डफच्या टोपीत सूप ओतलं आणि अदबीने म्हणाला, "माफ करा, वाट्या संपल्या."

ब्लूमा खो खो हसली. शेवटी नेहमीसारखा "चीं" करत श्वास ओढला.

दिग्दर्शक हॅलरन उसळला. "कोण आहे ही बाई? चालू पड! उद्यापासून इथे दिसायचं नाही."

"साहेब, पोरी आहेत हो घरी," ब्लूमा कशीबशी म्हणाली. माझं डोकंच फिरलं. हसली म्हणून कुणाच्या पोटावर पाय देतात का?

लॅपिन मात्र तिच्याकडे टक लावून बघत होता. "डफ, ते शेवटचं चीं ओळखलंस?"

"नाटकगृहातल्या वरच्या गॅलरीतली म्हातारी!" डफ ओरडला. "अहो बाई, तुमचं चीं झालं की मगच आम्ही पुढचं वाक्य बोलायचो!"

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे मेल्या?" ब्लूमा रडता रडता म्हणाली.

लॅपिन हॅलरनकडे वळला. "या बाई कॅमेऱ्याशेजारी बसतील. नाहीतर टोपीत सूप तुम्हीच ओता."

"आणि आवाज झाला तर?"

"मी रुमाल कोंबते ना तोंडात," ब्लूमा म्हणाली.

चित्रपट बुडतच होता, म्हणून हॅलरनने हे गिळलं. रोज ब्लूमा तोंडात रुमाल घेऊन बसायची. तिचे खांदे गदागदा हलायचे, ते थांबले की लॅपिन पुढचं बोलायचा.

पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. थिएटर हसलं की पडद्यावरचा लॅपिन थांबायचा, हसू ओसरलं की बोलायचा. एकही वाक्य बुडालं नाही. मला भरून आलं. शेजारी बघते तर ही बया सवयीने रुमाल कोंबून बसलेली!

"काढ गं तो, वेडे! इथे कुठला आलाय हॅलरन?"

तिने रुमाल काढला, तेवढ्यात सूपचा प्रसंग आला. ब्लूमा पोट धरधरून हसली, आणि सगळं थिएटर शांत झाल्यावर शेवटी तिचं एकटीचं चीं आलं.

"हं, आता बोल!" मागच्या रांगेतून डफ ओरडला.

आणि पडद्यावर लॅपिन बोलला.