सपाट अंगण

सकाळपासून शेजारी अंगणात सिमेंटचे गट्टू बसवणं चाललंय. गट्टूंखाली पसरलेल्या ओल्या दगडी चुरीचा वास घरात आला आणि मला इंझोरीचं आमचं अंगण आठवलं.

बाबांची नजर गेलेली होती. तरी आई वावरात गेली की ते एकटेच अंगणात फिरायचे. मोरीजवळचा खळगा, मधला उंचवटा, कडुनिंबाची वर आलेली मुळी, सगळं त्यांच्या अनवाणी तळव्यांना पाठ होतं. पावसाळ्यात घसरून पडतील म्हणून मी रिसोडहून सुटी काढून गेलो. मुळी तोडली, चुरी पसरली आणि दोरी लावून गट्टू एका पातळीत ठोकून बसवले.

“चाला बाबा,” मी मोठ्या कौतुकानं म्हणालो, “आता कुठीच पाय अडकत नाही.”

ते चार पावलं चालले आणि थांबले. पायानं इकडेतिकडे चाचपलं. मग अंगणाच्या मधोमध हात पुढे करून म्हणाले, “बापू, दार कोणीकडे गेलं रे?”

मी हसलो. तेव्हा मला त्याची गंमतच वाटली.

त्यानंतर कुणी हात धरल्याशिवाय बाबा कधी अंगणात उतरले नाहीत. मी तर दुसऱ्याच दिवशी रिसोडच्या एसटीत बसलो होतो.