पाचवं नाव

मैदानावर आमच्या नवऱ्याला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला 'पाचवा' म्हणतात. एकदा एकानं मला 'पाचवीण' म्हणून बघितलं, त्याला मी असं काही सुनावलं की पुढचे दोन रविवार तो माझ्यासमोर फिरकला नाही. पण खरं सांगू का, हे प्रकरण माझ्या पाचवीलाच पुजलेलं होतं.

पाचवा म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझी कटकट तुम्हाला कळायची नाही. चार जण विमानातून उडी टाकतात. छत्री उघडायच्या आधी, पडता पडताच, एकमेकांचे हात-पाय धरून ठरलेली आकृती करतात. एक झाली की सगळ्यांनी सुटायचं, मग दुसरी धरायची. पस्तीस सेकंदांत जेवढ्या होतील तेवढे गुण. आता हे आभाळात चाललेलं जमिनीवरून कुणाच्या बापाला दिसणार? म्हणून पाचवा लागतो. हेल्मेटवर कॅमेरा बांधून तो चौघांच्या डोक्यावर राहतो आणि सगळं टिपतो. तो जिकडे बघेल तिकडे कॅमेरा बघणार. खाली उतरला की पळत येऊन चित्रण परीक्षकांच्या खोलीत द्यायचं.

ते चित्रण हातात घेणारी मी. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात बसते, लोकांना खालची ओळ वाचायला लावते. स्पर्धा असली की इथे, फुकट, लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. पडदे ओढलेली खोली, एक मोठा पडदा, समोर पाच परीक्षक, प्रत्येकाच्या हाताशी एक बटण. मी मागे बसून चित्रण लावते. मला मत नाही. तोंड आहे, पण ते तिथे उघडायचं नसतं. मधल्या खुर्चीत मोठ्या बाई. गणित शिकवून निवृत्त झाल्या, आवाज अजून वर्गातलाच. त्यांचं एकच वाक्य: "दिसलं तर झालं. नाही दिसलं तर नाही झालं."

आमच्या नवऱ्याचा खरा धंदा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फलक आले आणि कामं आटली, पण अक्षर असं, की बघत राहावं. मैदानावरच्या शेडमध्ये चषक जिंकणाऱ्यांचा लाकडी फळा आहे, त्यावरची नावं तोच रंगवतो. दर वर्षाखाली चार नावं. नियमात संघ पाचांचा, पदकसुद्धा पाचांना. फळ्यावर मात्र चार, कारण पहिल्या वर्षी कुणीतरी रेघा चारच आखल्या आणि मग तेच चालू राहिलं. याचा संघ तीनदा जिंकला. तिन्ही वेळा यानं शिडीवर चढून स्वतःच्या हातानं बाकीच्या चौघांची नावं लिहिली, ब्रश धुतला आणि घरी आला.

"तुला काहीच वाटत नाही का रे?" मी विचारायची.

"वाटतं," तो म्हणायचा. एवढंच. ह्या लेकाच्याच्या तोंडातून दुसरा शब्द काढायला सांडशी लागते.

शेवटी मीच कप्तानाला धरलं. कप्तान म्हणजे त्या चौघांतला म्होरक्या, शिवाय अख्ख्या मैदानाचा सुरक्षा-प्रमुख. दुसऱ्याकडून पाठ तपासून घेतल्याशिवाय कुणाला विमानात चढू देत नाही म्हणून ख्याती. पाठ तपासायची म्हणजे बॅगेच्या पाठीवरची झडप उचलून छत्रीची पिन जागेवर आहे की नाही ते बघायचं. ज्याची त्याला दिसत नाही ना. मी म्हटलं, "भाऊजी, फळ्यावर पाचवी रेघ कधी मारताय?" तो हसला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "या वर्षी चषक येऊ दे, वहिनी. पाचवं नाव लागलंच समजा. शब्द." नवरा शेजारीच उभा होता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. लग्नात झाला नव्हता एवढा! त्या रात्री मला म्हणाला, "अक्षर जरा लहान करावं लागेल. पाच बसवायचीत."

स्पर्धेत आमची माणसं पुढे होती. शेवटची उडी नीट पडली की चषक आपला. मी चित्रण लावलं आणि बोटं पदराला पुसली. सुरुवात झकास. धर, सोड, धर, सोड, परीक्षकांची बटणं एका तालात वाजत होती. आणि अचानक चित्र हललं. कॅमेरा कप्तानाच्या पाठीकडे वळला, मग एकदम खाली त्यांच्या पातळीला आला. माझ्या नवऱ्याचे हातमोजे दिसले. दोन्ही हात समोर धरून हलवत होता. म्हणजे थांबा, सुटा. चौघं चार दिशांना पांगले. मग नुसतं निळं आभाळ.

बटणं थांबली. मोठ्या बाई म्हणाल्या, "इथपर्यंतचे गुण. पुढे काही नाही."

चषक गेला.

पण मी बघितलं होतं. परीक्षकांनी चित्रण हळू करून पुन्हा लावायला सांगितलं तेव्हा तर स्वच्छच. कप्तानाच्या पाठीवरची झडप उघडी, फडफडतेय, आणि पिन अर्धी बाहेर. ती पिन निघाली असती तर छत्री तिथेच उघडली असती, कप्तान झटक्यात वर खेचला गेला असता. आणि वर कोण? आमचा येडा. बाजूला सरकून स्वतःचा जीव वाचवायचा, तर हा खाली गेला त्यांना सोडवायला.

मी तोंड उघडलं. "बाई, ती पाठ बघा. झडप बघा ना!"

मोठ्या बाईंनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "आम्ही पकडी मोजतो. पाठी नाही."

तेवढ्यात कप्तान दारात हजर. म्हणाला, कॅमेरा बिघडला, उडी परत द्या. यंत्र बिघडलं तर पुन्हा उडी मिळते, तसा नियमच आहे. बाई म्हणाल्या, "कॅमेरा उत्तम आहे. आभाळ किती स्वच्छ आलंय बघा." दोघं तिघं हसले. मला त्या खोलीला आग लावावीशी वाटली.

संध्याकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर तेच चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. दरवर्षी लावतात. खुर्च्या भरलेल्या. झडप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फडफडली, आणि एकानंही बघितली नाही. सगळे हात मोजत होते! कुणीतरी म्हणालं, "पाचव्याला झालं काय?" कप्तान खांदे उडवून म्हणाला, "घाबरला असेल. वय होतंय." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी उठले आणि ओरडले, "घाबरला? तुमची पिन निघाली होती, ती बघा आधी!" कप्तान माझ्याकडे बघून गोड हसला. "वहिनी, वाऱ्यानं झडप हलते हो. उतरल्यावर मी स्वतः बघितली. पिन जागेवर होती." असेल ना! उतरल्याबरोबर स्वतःच्या हातानं बसवल्यावर ती जागेवर नसेल तर कुठे जाईल? कुंपणच शेत खायला लागलं की दाद कुणाकडे मागायची?

आणि आमचा माणूस? मूग गिळून बसला होता. घरी आल्यावर मी त्याला सोलून काढला. तेव्हा म्हणाला, "विमानात त्याची पाठ तपासायचं काम माझं. तो म्हणाला, मघाशी बघितलीस ना, चल. मी ऐकलं."

"मग हे सांग की सगळ्यांना!"

"सांगितलं तर त्याची उडी बंद होईल. सुरक्षा-प्रमुखपण जाईल. तो नसेल तर संघ कुठला? पुढच्या वर्षी जिंकू. नाव कुठे पळून जातंय?"

त्या खेळात सोडल्याशिवाय पुढचं मोजत नाहीत. आमच्या घरात सोडण्याचं नावच नाही.

आठ दिवसांत कप्तान हेल्मेट न्यायला आला. कॅमेरा संघाचा होता. दारातच उभा राहिला, चहा नको म्हणाला. "नवीन पोरगा घेतोय, वहिनी. राग मानू नका. संघाचं हित बघावं लागतं." माझ्या नवऱ्यानं हेल्मेट पुसून, आतली पट्टी सरळ करून त्याच्या हातात दिलं. "उजवीकडची कडी सैल आहे," म्हणाला, "पोराला सांग." मी दार आपटलं, ते अजून चौकटीत नीट बसत नाही.

या वर्षी ते जिंकले. नव्या पोरानं कॅमेरा हलू दिला नाही. आणि कप्तानानं दिलेला शब्द पाळला, काय सांगू तुम्हाला! पाचवी रेघ मारली. रंगवायला बोलावलं कुणाला? ज्याचं अक्षर सुंदर त्याला.

मी म्हटलं, "गेलास तर माझ्याशी बोलू नकोस." तो गेला. मग मीही गेले, कारण एकटं सोडवेना.

तो शिडीवर, मी खाली काळ्या रंगाचा डबा धरून. चार नावं झाली. पाचव्याचं पहिलं अक्षर काढलं, तेवढ्यात कप्तान आला. हौसेची एक उडी होती, बॅग पाठीला. शेडमध्ये दहा-वीस जण, कुणी छत्र्या घड्या घालतंय, कुणी गप्पा हाणतंय. कप्तान शिडीपाशी थांबला. ना हाक, ना नमस्कार. नुसती पाठ फिरवून उभा राहिला.

नवरा खाली उतरला. बोटं विजारीला पुसली, झडप उचलली, वाकून पिन बघितली, झडप दाबून बसवली आणि त्याच्या खांद्यावर दोन थापा दिल्या. कप्तान तोंड न फिरवता चालू लागला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नव्या पोराला चषक दिला असेल, पण पाठ दिली नव्हती. सगळ्यांदेखत झालं हे. कुणी मान वर करून बघितलं असेल तर शपथ!

नवरा पुन्हा शिडीवर चढला आणि त्या पोराचं नाव पुरं केलं. वेलांटीसुद्धा कुठे हलली नाही.

उडी मारून उतरल्यावर कप्तान तणतणत आला. झडपेवर काळा अंगठा उमटला होता, पांढऱ्या कापडावर चांगला ठसठशीत. "अरे, बॅग नवी आहे! टर्पेंटाइन आण, पूस हे."

माझ्या नवऱ्यानं ठसा नखानं खरवडून बघितला. "वाळलाय," म्हणाला. "आता नाही निघायचा."

मी अजून चित्रण लावते. पोराचा कॅमेरा स्थिर असतो. प्रत्येक उडीत पडद्याच्या मधोमध कप्तानाची पाठ येते, आणि पाठीवर आमच्या माणसाचा अंगठा. मोठ्या बाई पकडी मोजत असतात.