कोरं पीठ

वडूजच्या चंद्राबाईंची लेक रेश्मा मुंबईत मालिका लिहायची. तिनं लिहिलेला भुताचा एक भाग टीव्हीवर संपला आणि लगेच तिचा फोन आला.

"आई, कसा झाला? खरं सांग. वाईट असेल तर हे काम सोडते मी. थकले गं."

चंद्राबाईही थकल्याच होत्या. त्यांचे पती सुभेदार लालासाहेब यांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, आणि मालिकेतल्या घरातही नवराच गेला होता.

"निम्म्यापर्यंत लय चांगला हाय," त्या म्हणाल्या. "ती बाई भाकरीचा पापुद्रा काढून नवऱ्यासाठी बाजूला ठेवती आन् मग तिला आठवतं की त्यो आता न्हाई, ते अगदी खरं. पुढं मात्र ढग काय गडगडत्यात, एकेकाचं तोंड तीन-तीनदा काय दाखवत्यात! असल्या दणक्यानं भूत बी पळून जाईल."

रेश्मा हसली. "आणि ते पीठ?"

माणूस गेला, त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात आणि सकाळी पिठात कसला ठसा उमटलाय ते बघतात. मालिकेत तिथं ठसठशीत पावलं उमटली होती.

"ते खोटं. तुझ्या वडलांच्या येळी मी वाकून वाकून बघितलं. काय बी नव्हतं."

"मी तसंच लिहिलं होतं, आई. कोरं पीठ. चॅनेलवाल्यांनी बदललं."

चंद्राबाईंनी टीव्ही बंद केला.

"मग तुझं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "काम सोडू नगंस. पुढच्या खेपेला भांड त्यांच्याशी. आता जेव जा."